भिंतीत सापडलेला ताम्रपट खरा की बनावट, हे ठरवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यात जुन्या घराची मातीची भिंत उतरवताना कडीत ओवलेले तांब्याचे तीन पत्रे सापडले. गावातल्या मास्तरांनी 'कदंबांचा ताम्रपट', म्हणजे कदंब राजघराण्याने दिलेल्या दानाचा तांब्यावर कोरलेला लेख, म्हणून सांगितलं. बेळगावातल्या एका नाणेवाल्याने मोबाइलवर फोटो बघून 'डुप्लिकेट' म्हणत हात झटकले. आणि तरीही गोव्याकडच्या एका गृहस्थाने दोन लाख बोलून दाखवले. आता कार्बन टेस्ट कुठे होते आणि खर्च किती येतो, एवढंच तुम्ही विचारलंय.

कार्बन टेस्ट तांब्याची होत नाही. ती लाकूड, कापड, हाड, कोळसा अशा कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूंची होते. तांबं किती वर्षांपूर्वी ओतलं, ते थेट सांगणारी चाचणी अजून तरी हाताशी नाही. म्हणून आधी प्रश्नच सुटा करून घ्यावा लागतो. धातू जुना आहे का, हा एक. त्यावरची अक्षरं तो लेख ज्या काळाचं नाव सांगतो त्याच काळातली आहेत का, हा दुसरा. आणि लेखात म्हटलंय ते दान खरोखर दिलं गेलं होतं का, हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. तुमच्या भागात तर ती तशी येण्याला इतिहासच कारण आहे.

दक्षिण मराठा मुलुखात इंग्रजांनी १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू केली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला पक्कं रूप दिलं. इनाम टिकवायचं तर सनद दाखवणं भाग होतं. ज्यांच्याकडे कागद होते त्यांनी ते आणले, ज्यांचे कसरीने खाल्ले होते त्यांनी नकला करून घेतल्या, आणि काहींनी नव्याने 'जुने' तयार केले. म्हणजे तुमचे पत्रे दीडशे-पावणेदोनशे वर्षं जुने, भिंतीत खरोखर दडवलेले, आणि तरीही लेखात सांगितलेल्या काळाच्या दृष्टीने बनावट असू शकतात. ही लबाडी इंग्रजांच्या काळातच जन्मली असंही नाही. मध्ययुगातही मठ, अग्रहारं (ब्राह्मणांना दान दिलेली गावं) आणि वतनदार घराणी जुन्या राजांच्या नावाने ताम्रपट घडवत होती. मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी जे. एफ. फ्लीट यांनी अशा बनावट लेखांची यादीच छापली होती. तुमच्याच तालुक्यातल्या हलशीला मातीच्या ढिगाऱ्यात मिळालेले आद्य कदंबांचे अस्सल ताम्रपट वाचून प्रसिद्ध करणारेही तेच. तेव्हा नाणेवाल्याचं 'डुप्लिकेट' आणि मास्तरांचं 'कदंबांचा' ही दोन्ही मतं एकाच वेळी थोडी थोडी बरोबर निघाली तरी नवल नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोंकडे. दुसऱ्या पत्र्यावर 'शके १०९' एवढं दिसतं, पुढचा आकडा हिरव्या गंजाखाली गेलाय, आणि त्याच ओळीत 'विकृति संवत्सर' वाचता येतं. लिपी नागरी आहे. एवढ्यावरून एक गोष्ट नक्की सांगतो: हे हलशीच्या आद्य कदंबांचं, म्हणजे काकुत्स्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा यांचं नाही. त्यांची अक्षरं डोक्यावर छोटी चौकट असलेली दाक्षिणात्य लिपीतली आहेत, भाषा संस्कृत आहे, आणि काळ राजाच्या कारकिर्दीच्या वर्षात दिलेला असतो. त्यात शक नाही. काकुत्स्थवर्म्याच्या लेखात 'ऐंशीवं वर्ष' आहे, ते कशापासून मोजायचं यावर आजही वाद आहे; म्हणजे अस्सल ताम्रपटाचंही सगळं निकालात निघालेलं असतं असं नाही. कर्नाटकात शकाचा नाव घेऊन उल्लेख पहिल्यांदा दिसतो तो बदामीच्या डोंगरावर, पहिल्या पुलकेशीच्या शके ४६५ (इ. स. ५४३) च्या लेखात. पाचव्या शतकातल्या राजाच्या तोंडी 'शके' घातलेला पत्रा कुणी दाखवला, तर तिथेच थांबून भुवई उंचवावी.

मग उरतात गोव्याचे कदंब. इथे संवत्सराचं नाव कामी येतं. संवत्सर म्हणजे वर्षाचं नाव; अशी साठ नावं 'प्रभव' पासून ओळीने फिरत राहतात. गत, म्हणजे संपलेल्या, शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तो प्रभवापासूनचा संवत्सर. 'विकृति' चोविसावा. १०९० ते १०९९ मध्ये बाकी २४ येते ती फक्त १०९२ ला: १०९२ अधिक १२ म्हणजे ११०४, त्यातून १०८० गेले, उरले २४. म्हणजे झाकलेला आकडा २ असायला हवा. मात्र ३ निघाला तरी लगेच खोटा म्हणू नका. जुने लेखक कधी संपलेलं वर्ष लिहीत, कधी चालू. बेळगावच्या किल्ल्यातल्या जैन बसदीशी (मंदिराशी) जोडलेले, आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेले रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचे शिलालेख बघा: शक ११२७, संवत्सर रक्ताक्षी. नियमाने ११२७ ला क्रोधन येतो, रक्ताक्षी त्याच्या आदला. तिथे शक चालू आहे, सन १२०४ बसतो, आणि लेख अस्सल आहे. तुमच्या पत्र्यावर २ आणि ३ सोडून दुसरा कुठलाही आकडा निघाला, तर मात्र गडबड. (हा नियम साधारण दहाव्या शतकानंतरच्या दक्षिणेतल्या लेखांनाच लावा. त्याआधी संवत्सर मोजण्याची दुसरी रीतही चालत होती.)

१०९२ म्हणजे सन ११७०-७१. तेव्हा हलशीवर गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडीची सत्ता होती. देगावचं कमलनारायणाचं देऊळ बांधणाऱ्या कमलादेवीचा हा नवरा. त्यामुळे काळ आणि ठिकाण जुळतं, पण एक खटका राहतो: या घराण्याचे लेख बहुधा कलियुगाच्या वर्षात आहेत. हलशीच्या देवळातला पेर्माडीचा लेख कलि ४२७०, विरोधी संवत्सराचा आहे. कलिवर्षातून ३१७९ वजा केले की शक मिळतो, १०९१. बाकी २३, विरोधी. चोख. तुमच्या पत्र्यावर एकट्या शकाचं असणं हा पुरावा नाही, शंकेची जागा आहे. पहिल्या पत्र्यावर कुठे 'कलि' किंवा 'कलियुग' दिसतंय का, ते बघा.

तिथी, वार आणि नक्षत्र वाचता आलं तर खरी मजा. बनावट करणाराला राजाची बिरुदं दुसऱ्या ताम्रपटावरून उचलता येतात, 'स्वदत्तां परदत्तां वा' हा दान हिरावणाऱ्याला दिलेला शापश्लोक तर घोकलेलाच असतो, पण सातशे वर्षांमागचं पंचांग गणित करून काढणं त्याला जमत नाही. मडिकेरीच्या खजिन्यात मिळालेला गंग राजा अविनीताचा ताम्रपट याचं नेहमीचं उदाहरण. त्यात ३८८ वं वर्ष, माघ शुद्ध पंचमी, सोमवार, स्वाती नक्षत्र आहे. वर्ष शकाचं धरलं तर सन ४६६. माघ शुद्ध पंचमी म्हणजे वसंतपंचमी. कुठलंही पंचांग उघडा, त्या दिवशी चंद्र उत्तराभाद्रपदा-रेवतीच्या आसपास असतो. स्वाती येते ती माघ वद्यात. आता 'वद्य' ऐवजी 'शुद्ध' ही कोरणाऱ्याची चूक मानता येईल, आणि काहींनी तशी मानलीही. पण आपल्याकडच्या लेखांत वार पहिल्यांदा मिळतो तो सन ४८४ च्या एरणच्या लेखात. शिवाय मडिकेरीच्या लेखात 'अकालवर्ष' हे राष्ट्रकूटांचं बिरुद घुसलंय, आणि अक्षरं नवव्या-दहाव्या शतकाकडची आहेत. एक चूक माफ करता येते. चार वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या चुका एकाच पत्र्यावर भेटल्या की माफीला जागा उरत नाही. शिमोग्याकडचे, थेट पांडवांच्या वंशातल्या जनमेजयाच्या नावाचे ताम्रपट तर नागरी वळणाच्या लिपीत आहेत. तिथे पंचांगापर्यंत जायचीही गरज पडत नाही.

अक्षरांबद्दल एवढं लक्षात ठेवा. दाक्षिणात्य लिपीत ख, ङ, ज, ब, ल ही पाच अक्षरं परीक्षेची, कारण साधारण नवव्या शतकापासून त्यांची वळणं बदलत गेली. तुमचा लेख नागरीत असल्याने कसोटी दुसरी. बाराव्या शतकातल्या नागरीत 'ए' आणि 'ओ' ची मात्रा पुष्कळदा अक्षराच्या डावीकडे उभी रेघ म्हणून येते, तिला पडिमात्रा म्हणतात. 'ब' आणि 'व' एकाच चिन्हाने लिहिलेले सापडतात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ओळ सलग चालते. तुमच्या फोटोत दुसऱ्या पत्र्याच्या चौथ्या ओळीत मला पडिमात्रेसारखं काहीतरी दिसतं, पण तिसऱ्या पत्र्यावर शब्दाशब्दांत अंतर आहे असंही वाटतं. एकाच संचात दोन हात दिसले तर तिसरा पत्रा नंतर घुसवलेला असण्याची शक्यता धरावी लागते. शुद्धलेखनाच्या चुकांनी बिचकू नका. लेखक शाईने लिहून द्यायचा आणि कोरणारा कासार किंवा सोनार ते छिन्नीने कोरायचा, बहुतेक वेळा न वाचता. गळलेला अनुस्वार अस्सल पत्र्यातही मुबलक सापडतो.

म्हणूनच कडी कापू नका. तिन्ही पत्रे एकाच संचाचे आहेत याची साक्ष ती न कापलेली कडी देते. पुराभिलेखवाले (जुने कोरीव लेख वाचणारे) ताम्रपट हातात आल्यावर कडी आधी कापलेली होती की नव्हती, याची नोंद आवर्जून करतात ती याचसाठी. पत्रे कडीवर पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून फोटो काढता येतात. कडीचं टोक मुद्रेत, म्हणजे राजाच्या शिक्क्यात, बसवलेलं असतं, त्या मुद्रेचा फोटो तुम्ही टाकलेलाच नाही आणि मला तोच हवाय. गोव्याच्या कदंबांचं लांछन (राजचिन्ह) सिंह. वराह असेल तर चालुक्य, गरुड असेल तर राष्ट्रकूट किंवा यादव डोक्यात येतात. कदंबांचा मजकूर आणि वराहाची मुद्रा अशी जोडी निघाली तर कडी दुसऱ्या संचातून आणलेली असणार.

आता धातू. दहा पटीचं भिंग घ्या, खोली अंधारी करा, बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. छिन्नीने कोरलेल्या रेघेच्या शेवटी ढकललेल्या तांब्याची बारीक उंचवट धार असते, आणि पत्रा पातळ असला तर अक्षराचा उठाव मागे दिसतो. ओतीव नकलेत रेघेचा तळ गोलसर, मध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं. आम्लाने खाल्लेल्या अक्षरांची कड खरबरीत पण सगळीकडे एकाच खोलीची. खरा गंज थराथराने येतो: खाली तांबूस, त्यावर हिरवा, आणि तो अक्षराच्या खाचेतही तसाच पसरलेला. गंज आधीचा आणि खाच त्याला कापून गेलेली दिसली, तर जुन्या पत्र्यावर नवं लिखाण आहे. शेणात, मिठाच्या पाण्यात किंवा नवसागरात मुरवून आणलेला हिरवा रंग पावडरीसारखा वर बसतो. ओल्या कापसाने एका कोपऱ्यावर हलकेच टिपलं की कापसावर उतरतो. ही कापसाची परीक्षा फक्त कोऱ्या जागी, एकदाच. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांतलं काहीही लावायचं नाही. लोक अक्षरं उठून दिसावीत म्हणून रांगोळी भरतात, तीही नको. खाचेतला गंज हाच तुमचा साक्षीदार आहे आणि तो एकदा घासला की परत येत नाही.

एक सोपं माप तुमच्या बाबतीत बरंच बोलून जाईल. व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक पत्र्याची जाडी आठ-दहा ठिकाणी मोजा. हातोडीने ठोकून पसरवलेल्या पत्र्यात जाडी जागोजागी काही दशांश मिलिमीटरने बदलते, आणि अक्षरं घासू नयेत म्हणून कडा बऱ्याचदा उचललेल्या असतात. सगळीकडे एकच जाडी आली, कडा सपाट आणि कात्रीने कापल्यासारख्या असल्या, तर तो यंत्रात लाटलेला पत्रा. तसा तांब्याचा पत्रा इंग्रजांच्या व्यापारातून एकोणिसाव्या शतकात इथे सर्रास मिळत होता. बाराव्या शतकातला ताम्रपट आणि इनाम चौकशीच्या वेळची नक्कल, यांतला फरक सांगायला प्रयोगशाळेआधी हे माप पुरेसं ठरू शकतं.

बेळगावच्या शहापुरातल्या सराफाकडे कॅरेट तपासायचं क्ष-किरण यंत्र असतं, त्यावर पत्रा ठेवून 'किती टक्के तांबं' विचारायचा मोह होईल. ते यंत्र सोन्यासाठी बसवलेलं असतं आणि वरच्या अगदी पातळ थरापुरतंच बघतं, म्हणजे तुमच्या पत्र्याचा गंज मोजतं. योग्य ठिकाणी, गंजाखालच्या धातूवर हीच चाचणी केली तर उपयोग होतो. जुन्या भट्टीतल्या तांब्यात शिसं, लोह, आर्सेनिक, निकेल असं काहीबाही राहतं. विजेने शुद्ध केलेलं ९९.९ टक्क्यांच्या वरचं तांबं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधीचं असू शकत नाही. उलट दिशेने मात्र घसरू नका: अशुद्ध तांबं म्हणजे जुनं, असं नाही. मोडीतली जुनी घागर वितळवून कुणीही पत्रा करू शकतो.

आणि भिंत. मातीची भिंत बाराव्या शतकातली नाही, त्यामुळे पत्रे तिथे नंतर कुणीतरी ठेवले. ती भिंत कधीची हे घराच्या जुन्या उताऱ्यावरून आणि वयस्कर भाऊबंदांकडून काढा. पत्रे कोनाडा लिंपून आत ठेवले होते की विटांमध्ये नुसते सापडले? कशात गुंडाळले होते? कापडाची चिंधी, लाकडी पेटीची फळी, मेणाचा तुकडा असं काही राहिलं असेल तर ते टाकू नका. कार्बनची चाचणी होईल ती त्याची. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सेलरेटर सेंटरमध्ये काही मिलिग्रॅमवर ती होते. पण गेल्या साधारण तीनशे वर्षांच्या काळात या पद्धतीचं उत्तर मोघम येतं, १७०० आणि १८५० यांत फरक करायला ती दुबळी पडते. म्हणून मी आधी तुमच्याकडून भिंतीचे फोटो मागेन, कापडाचा अहवाल नंतर. शिवाय कोरड्या मातीच्या भिंतीत जाड, दाणेदार गंज सहसा चढत नाही. तसा गंज असला तर पत्रे भिंतीत येण्याआधी बराच काळ जमिनीत होते असं मानायला जागा आहे, आणि ते तुमच्या बाजूने जातं.

आतापर्यंतच्या फोटोंवरून माझा कल सांगायचा तर: अलीकडची बाजारू बनावट असण्याची शक्यता कमी. पहिले दोन पत्रे बाराव्या शतकातले, किंवा तशा लेखावरून नंतर केलेली नक्कल. तिसऱ्यावर माझा भरवसा नाही. तिसऱ्या पत्र्यावर सीमा आणि गावांची नावं असणार. तिथे नावांची जुनी रूपं आहेत की आजची, हे बघावं लागेल. हलशीचं पलाशिका किंवा पलसिगे, बेळगावचं वेणुग्राम ही त्या काळातली रूपं. आणि सीमा फारच तपशिलाने, आजच्या सर्वे नंबरांशी जुळतील अशा आल्या असतील, तर कुणीतरी वाद डोळ्यांसमोर ठेवून त्या लिहिल्यात. जमिनीची भूक जिथे दिसते तिथे मी दुप्पट वेळ थांबतो.

नाणेवाल्याच्या मताला एवढ्यासाठी किंमत द्या की त्याच्याकडे रोज काय येतं ते त्याला माहीत आहे. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल, अशी 'नाणी' आपल्याकडे घरोघर देव्हाऱ्यात आहेत. कंपनीने ती कधी पाडलीच नाहीत. तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या भांड्याच्या नावाखाली लोकांनी शेतं विकलीत. अशा बाजारात बसलेला माणूस फोटोवरून 'डुप्लिकेट' म्हणणारच. गोव्याच्या गृहस्थाचा मात्र विचार सोडा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू ठरते, तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती परदेशी नेता येत नाही. त्याशिवाय दडलेलं धन सापडलं की कर्नाटकाचा १९६२ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं तुमची जबाबदारी ठरते. लपवलं तर वस्तूही जाते आणि गुन्हाही लागतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी स्वतःसाठी पूर्ण नोंद: प्रत्येक पत्र्याच्या दोन्ही बाजू, शेजारी फूटपट्टी, उजेड चारही दिशांनी आडवा टाकून चार-चार फोटो, कडी, मुद्रा, कडा वेगळ्या, वजन ग्रॅममध्ये. मग तहसीलदारांमार्फत डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला लेखी अर्ज. कानडीत लिहून घ्या, सोबत मराठी प्रत जोडा, सापडल्याची तारीख, जागा आणि पत्र्यांची संख्या लिहा, फोटो जोडा आणि शिक्क्यासह पोच घ्या. पंचनाम्यात 'तांब्याचे तुकडे' असं मोघम लिहू देऊ नका. 'कडी व मुद्रेसह तीन कोरलेले पत्रे' असं लिहवून घ्या. वाचनासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा म्हैसूरला आहे, सर्वेक्षणाचं जवळचं मंडळ कार्यालय धारवाडला. अर्जातच वाचनाची प्रत मिळावी अशी विनंती करा.

ताम्रपटाचे फोटो कुठेही टाकताना मात्र हात आवरा. आपल्याकडे दगडावर दोन ओळी सापडल्या की त्या मराठीच्या की कानडीच्या यावर संध्याकाळपर्यंत दोन तट पडतात, आणि मग वाचन बाजूला राहून पत्र्यांचा मोर्चा निघतो. बाराव्या शतकात या पट्ट्यात नागरी आणि हळेकन्नड (जुनी कानडी) दोन्ही चालत, लेखाची भाषा संस्कृतही असू शकते. नागरी दिसली म्हणून मराठी, असा निष्कर्ष काढू नका.

तोवर पत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका. खानापूरच्या पावसाळ्यात आतल्या आत घाम येतो. आम्ल नसलेल्या कागदात किंवा धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. गंजात कुठे फिकट हिरवी, भुसभुशीत पावडर नव्याने सुटताना दिसली तर तो क्लोराइडचा रोग आहे, तो थांबत नाही, पत्रा पोखरत जातो. तसं दिसलं तर अर्जाच्या उत्तराची वाट न बघता त्या जागेचा फोटो तारखेसह धारवाडला पाठवा. आणि मला मुद्रेचा, तिसऱ्या पत्र्याच्या शेवटच्या तीन ओळींचा आणि जाडीच्या मापांचा तपशील टाका. तिसऱ्या पत्र्याबद्दल त्याशिवाय पुढे बोलता येणार नाही.